लहान विमानकंपनीतील सहवैमानिकाची नोकरी : पत्रातील पगाराचा आकडा कसा वाचावा?

तासगाव तालुक्यातील एका द्राक्षबागायतदार पालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलाने दोन वर्षांपूर्वी व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवला. शिक्षणासाठी काढलेल्या ४५ लाखांच्या कर्जाचा हप्ता दरमहा सुमारे ५० हजार रुपये आहे. आता एका लहान प्रादेशिक विमानकंपनीचे पत्र आले आहे. ‘मासिक १ लाख २० हजार रुपयांपर्यंत’ वेतन, प्रशिक्षणाचे १२ लाख रुपये उमेदवाराने भरायचे, वर पाच वर्षांचा २५ लाखांचा बाँड, आणि बेस, म्हणजे नेमणुकीचे विमानतळ, घरापासून हजार किलोमीटर दूर. बाग तारण ठेवून हे १२ लाख उभे करावेत का, की मोठ्या कंपनीची वाट पाहावी, आणि घरच्यांनी या काळात काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

मी मूळचा सांगलीचा. कवलापूरच्या माळावरील बंद धावपट्टीवर लहानपणी सायकली पळवल्या, आणि पुढे बावीस वर्षे खऱ्या धावपट्ट्यांवर उतरत आलो. त्यातील पहिली नऊ वर्षे मी लहान कंपन्यांमध्ये टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्यांच्या लहान विमानांवर काढली आणि गेली काही वर्षे नव्या सहवैमानिकांना प्रशिक्षण देत आहे. त्यामुळे हे उत्तर एका बाजूने अनुभवाचे आहे आणि दुसऱ्या बाजूने माझ्या समोर बसणाऱ्या मुलांच्या वेतनचिठ्ठ्या पाहून बनलेल्या मताचे आहे.

आपण विचारले आहे की १ लाख २० हजार पुरतील का. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे, आणि तो तासगावच्या माणसाला समजावून सांगण्याची गरज पडू नये. चार रुपये जास्त दर देणारा पण उधारीवर माल उचलणारा व्यापारी आणि कमी दराने रोखीत घेणारा व्यापारी यांतील फरक आपल्याकडे प्रत्येक बागायतदार जाणतो. या पत्रातही दर लिहिलेला आहे. त्यातील किती रक्कम निश्चित आहे, ती केव्हा हातात पडेल आणि तिच्या बदल्यात काय अडकून राहील, हे लिहिलेले नाही, किंवा मागच्या पानावर बारीक अक्षरांत आहे. पत्रातील सर्वांत महागडा शब्द ‘पर्यंत’ हा आहे.

आपण पत्राचा जो भाग उतरवून दिला आहे, त्यानुसार ६० हजार रुपये निश्चित वेतन आहे आणि उरलेले ६० हजार हे ताशी १ हजार रुपये दराने ६० तासांचा उड्डाणभत्ता धरून काढलेले आहेत. वैमानिकाच्या भाषेतील तास म्हणजे कामाचा तास नव्हे. विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून पुढच्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा जो वेळ, ज्याला ब्लॉक टाइम म्हणतात, तेवढाच मोजला जातो. प्रादेशिक विमानसेवेतील सेक्टर, म्हणजे एका विमानतळावरून दुसऱ्यापर्यंतची उड्डाणे, लहान असतात. पन्नास मिनिटांचे उड्डाण, जमिनीवर विमान चालवण्याचा वेळ (टॅक्सी) धरून एक तास पाच मिनिटे. असे चार सेक्टर केले की सव्वाचार तासांहून थोडे अधिक भरतात. पण उड्डाणाच्या तासभर आधी हजेरी, दर दोन सेक्टरांमध्ये अर्धा तास जमिनीवर आणि शेवटी अर्धा तास कागदपत्रे, असा हिशेब केला तर ड्युटी जवळजवळ साडेसात तासांची होते. त्याच साडेसात तासांत जेटवरील वैमानिक अडीच तासांचे दोन सेक्टर करतो, पाच तासांचा भत्ता घेतो आणि फक्त दोनदा उतरतो. लहान विमानाच्या वैमानिकाला चारदा उतरून कमी मिळते. हे कोणी मुद्दाम केलेले नाही. मोबदला तासांवर बांधला की लहान सेक्टरचा वैमानिक तोट्यात राहणारच.

आता ६० तास प्रत्यक्षात भरतील का, हे पाहू. त्यासाठी कंपनीला एकच गोष्ट विचारावी, जी मुले मुलाखतीत जवळजवळ कधीच विचारत नाहीत : आज उडण्याजोगी विमाने किती आहेत आणि एका विमानामागे वैमानिकांच्या किती जोड्या आहेत? समजा एक विमान दिवसाला आठ ब्लॉक तास उडते, म्हणजे महिन्याला २४० तास. त्यामागे पाच जोड्या असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ४८ तास येतात आणि सात जोड्या असतील तर ३४. आपल्या पत्राच्या दराने पहिल्या स्थितीत मुलाला १ लाख ८ हजार मिळतील आणि दुसऱ्या स्थितीत ९४ हजार. तीन विमानांच्या कंपनीत एक विमान मोठ्या तपासणीसाठी उभे राहिले तर एक तृतीयांश तास त्याच दिवशी नाहीसे होतात, मात्र वैमानिक तेवढेच राहतात. पावसाळ्यात ढगांची पातळी खाली आल्यामुळे रद्द होणाऱ्या फेऱ्या यात धरलेल्याच नाहीत. म्हणून पत्रात ‘हमी तास’ असा शब्द आहे का, हे शोधावे. हमी म्हणजे उड्डाण होवो वा न होवो, तेवढ्या तासांचे पैसे मिळणे. या एका शब्दावरून मोठ्या कंपन्यांमध्येही रणे माजली आहेत. एअर इंडियाने २०२३ मध्ये हमीचे तास ७० वरून ४० वर आणले तेव्हा वैमानिकांनी जोरदार विरोध केला, आणि विस्तारा या विमानकंपनीत तशीच रचना आली तेव्हा एप्रिल २०२४ मध्ये वैमानिकांअभावी मोठ्या संख्येने उड्डाणे रद्द करावी लागली. तेथे निदान ४० तरी होते. आपल्या पत्रात हमीचा उल्लेखच नसेल, तर घरातील हिशेब ६० हजार निश्चित अधिक ३० तास, म्हणजे ९० हजारांवर बसवावा, आणि तोही प्रशिक्षण संपल्यानंतरचा. ग्राउंड क्लास, सिम्युलेटरची पाळी, मग प्रवाशांसह प्रत्यक्ष मार्गावरील लाइन ट्रेनिंग आणि शेवटी रिलीज, म्हणजे प्रशिक्षकाशिवाय उडण्याची मुभा, या सगळ्याला माझ्या पाहण्यात पाच-सात महिने सहज जातात. त्या काळात बहुतेक ठिकाणी विद्यावेतन मिळते, आणि ते ५० हजारांच्या हप्त्याला पुरत नाही.

कामाच्या परिस्थितीबद्दल आपण थेट विचारलेले नाही, पण पगारापेक्षा माणूस त्यानेच अधिक थकतो. लहान विमाने साधारण सतरा ते वीस हजार फुटांवर उडतात. जेट ज्या ढगांच्या वरून जाते, त्यांतून किंवा त्यांना वळसा घालून आम्हाला जावे लागते. पहाटे पावणेपाचला हजेरी, श्वासातील मद्यार्काची चाचणी, मग दिवसाच्या चार किंवा सहा लँडिंग. त्यांतील दोन अशा विमानतळांवर, जिथे धावपट्टी आखूड आहे आणि पर्यायी विमानतळ दूर आहे. आपल्या कोल्हापूरची धावपट्टी एके काळी १,३७० मीटरचीच होती. तेवढ्या लांबीवर भर पावसात उतरताना मनावर जो ताण येतो, तो वेतनचिठ्ठीत कुठेही दिसत नाही. जेवण पुठ्ठ्याच्या डब्यात, तेही बहुधा इंधन भरणे चालू असताना. दोन उड्डाणांमध्ये चार तासांचे रिकामे अंतर पडले तर ते विमानतळावरच्या खुर्चीत काढावे लागते, कारण लहान विमानतळावर कर्मचाऱ्यांसाठी खोली असतेच असे नाही.

या रिकाम्या अंतराला नियमांच्या भाषेत ‘स्प्लिट ड्युटी’ म्हणतात आणि लहान कंपन्यांचे रोस्टर, म्हणजे पाळ्यांचे वेळापत्रक, त्यावरच उभे असते. ठरावीक मर्यादेपर्यंत, या मधल्या विश्रांतीच्या निम्म्या वेळाइतकी कामाची कमाल मर्यादा वाढवता येते. कागदावर हे रास्त आहे. मात्र खुर्चीत काढलेले चार तास आणि खोलीत पडून काढलेले चार तास सारखे नसतात. विश्रांतीचे नियम अलीकडे सुधारले आहेत, हेही सांगितले पाहिजे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये आणलेल्या नियमांनुसार सलग साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली आणि रात्रीची व्याख्या पहाटे सहापर्यंत वाढली. जुलै आणि नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत ते लागू झाले. नियम मोठ्या आणि लहान कंपन्यांना सारखेच आहेत. फरक आहे तो ‘मी थकलो आहे, आज उडणार नाही’ असे सांगण्याच्या मोकळिकीत. हजारो वैमानिकांच्या कंपनीत असा अहवाल दिला तर तो एक आकडा होतो. चाळीस वैमानिकांच्या कंपनीत संध्याकाळपर्यंत तो कोणी दिला हे सर्वांना कळलेले असते, आणि आपली पाळी करायला दुसऱ्या ज्याला बोलावले, तो कालच आपल्याबरोबर जेवलेला असतो.

पगार आणि थकवा यांचा संबंध जोडला की काही जणांना तो रडका सूर वाटतो. त्यांच्यासाठी एक उदाहरण देतो. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअर या प्रादेशिक कंपनीचे टर्बोप्रॉप विमान पडले आणि पन्नास माणसे मेली. चौकशीत वैमानिकांच्या चुकांबरोबर हेही समोर आले की सहवैमानिक आपल्या आईवडिलांकडे, देशाच्या दुसऱ्या टोकाला सिॲटलजवळ राहत होती आणि रात्रभर प्रवास करून नेवार्कला कामावर आली होती. बेसच्या शहरात स्वतंत्र घर परवडेल असे तिचे वेतन नव्हते. त्यानंतर तेथे विश्रांतीचे नियम बदलले आणि २०१३ पासून सहवैमानिकालाही साधारण १,५०० तासांच्या अनुभवाची अट आली. प्रादेशिक कंपन्यांचे पगार मात्र खऱ्या अर्थाने २०२२ मध्ये, वैमानिक मिळेनासे झाल्यावरच वाढले. मुलाचा बेस हजार किलोमीटरवर आहे म्हणून हे सांगतो आहे. त्याने बेसवर खोली घेतलीच पाहिजे, आणि तिचे भाडे आपल्या हिशेबात पहिल्या ओळीत आले पाहिजे. पैसे वाचवण्यासाठी सुट्टीच्या शेवटच्या रात्री बसने प्रवास करून थेट हजेरीला जाणारी मुले मी पाहिली आहेत, आणि अशा मुलाला मी स्वतः एकदा विमानात चढू दिलेले नाही.

आता उधारीच्या व्यापाऱ्याकडे येतो. प्रादेशिक कंपन्या वेतन थकवतात ती दर वेळी लबाडीने नव्हे. त्यांचे गणितच नाजूक असते. लहान शहरांना विमानसेवेने जोडणाऱ्या सरकारच्या उडान योजनेत ठरावीक आसनांचे भाडे मर्यादित असते आणि त्या बदल्यात तूट भरून काढणारे अनुदान व मार्गावरील मक्तेदारी साधारण तीन वर्षे मिळते. विमानाचे भाडे डॉलरमध्ये, सुटे भाग डॉलरमध्ये आणि तिकीट रुपयांत. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच झाले नाहीत, आणि सुरू झालेल्या ३७१ पैकी केवळ ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली. ज्या मार्गांवर मुलाचे तास अवलंबून आहेत, त्यांचे आयुष्य त्याच्या बाँडपेक्षा लहान असू शकते. कोल्हापूरहून उडणारी ट्रूजेट २०२२ च्या सुरुवातीला थांबली, हे आपल्या भागाने पाहिलेच आहे. अर्थात मोठेपण ही हमी नव्हे. जेट एअरवेज २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हा माझे कितीतरी मित्र वर्षभर घरी बसले.

माझ्या दुसऱ्या कंपनीत तीन महिन्यांचे वेतन अडकले होते. दर महिन्याला ‘पुढच्या आठवड्यात’ असे उत्तर मिळे. एके रात्री मुक्कामाच्या गावी पोहोचलो, तर हॉटेलने खोल्या नाकारल्या, कारण कंपनीचे मागील बिल थकलेले होते. कमांडरने, म्हणजे विमानाच्या मुख्य वैमानिकाने, स्वतःच्या कार्डाने पैसे भरले, आम्ही साडेबाराला झोपलो आणि सकाळची पाळी त्याने नाकारली. त्याच्यात ती हिंमत होती, कारण त्याच्यावर बाँड नव्हता. माझ्यावर होता. बाँड नोकरी सोडू देत नाहीच, शिवाय नोकरीत असतानाही तोंड बंद ठेवतो, हे मला त्या रात्री उमगले.

म्हणून बाँडकडे पगारापेक्षा बारकाईने पाहावे. कंपनीने टाइप रेटिंगचा, म्हणजे विशिष्ट प्रकारचे विमान उडवण्याच्या पात्रतेचा, खर्च स्वतः करावा आणि तो वसूल होईपर्यंत वैमानिकाने थांबावे, हा व्यवहार मला मान्य आहे. उमेदवाराने खर्च भरावा आणि बाँड नसावा, हाही मान्य आहे. एकाच प्रशिक्षणाचे १२ लाखही घ्यायचे आणि त्यावर २५ लाखांचा बाँडही, म्हणजे एकाच मालाची दोनदा किंमत. बाँडची रक्कम दर महिन्याला घटत जाते की चौथ्या वर्षीही पूर्ण २५ लाखच राहते, हे पाहावे. वेतन सलग दोन महिने थकले, कंपनीने विमाने परत केली किंवा सहा महिन्यांत रिलीज झाले नाही, तर बाँड आपोआप रद्द होईल असे कलम मागावे. कोरे धनादेश देऊ नयेत आणि मूळ परवाना किंवा गुणपत्रके कोणाकडे ठेवू नयेत. सही करण्याआधी सांगलीतील एखाद्या वकिलाला दोन हजार रुपये देऊन करार वाचून घ्यावा.

बाँडशिवाय आणखी एक बंधन आहे, जे पत्रात छापण्याची कंपनीला गरजच भासत नाही. महासंचालनालयाच्या २०१७ च्या नियमानुसार सहवैमानिकाला सहा महिन्यांची आणि कमांडरला एक वर्षाची नोटीस द्यावी लागते आणि पुढच्या कंपनीत जाण्यासाठी आधीच्या कंपनीचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. ही बाब न्यायालयांत वादग्रस्त आहे. २०२३ मध्ये अकासा या विमानकंपनीने नोटीस न पाळता गेलेल्या वैमानिकांविरुद्ध उच्च न्यायालयात धाव घेतली होती. मुलाच्या नियोजनात याला महत्त्व आहे. कमांडर होण्यासाठी लागणाऱ्या एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट परवान्यासाठी किमान १,५०० तास लागतात. आज त्याच्याकडे २०० आहेत असे धरले, तर महिन्याला ४५ तासांनी उरलेले १,३०० तास साधारण अडीच वर्षांत होतात आणि ३४ तासांनी तीन वर्षांहून थोड्या अधिक काळात. परवाना मिळाल्यावर लहान कंपनीत कमांड, म्हणजे कमांडरचे पद, मोठ्या कंपनीपेक्षा लवकर मिळू शकते आणि पगारात खरी उडी तेव्हाच येते; पण त्याच दिवशी नोटीस सहा महिन्यांवरून वर्षावर जाते. निघायचे की कमांड घ्यायची, हा विचार त्याने त्या आधीच करून ठेवावा.

मग वाट पाहावी का? येथे परिस्थितीनुसार उत्तर बदलते. परवाना घेऊन सहा महिने झालेल्या मुलाला मी थांब म्हणालो असतो. आपल्या मुलाला दोन वर्षे झाली आहेत. त्याचे इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याची पात्रता, दरवर्षी नव्याने करावे लागते, त्यासाठी विमानाच्या तासांचे आणि सरावाचे पैसे जातात, आणि हात दर महिन्याला गंजत जातो. मुलाखतीत ‘शेवटचे कधी उडालात’ हा प्रश्न पहिल्या पाचांत असतो. दोन वैमानिकांच्या विमानावरील हजार तास ही मालमत्ता आहे, मग ते एटीआरसारख्या टर्बोप्रॉपवरचे असले तरी. माझ्या हाताखाली लहान विमानांवरून आलेली मुले वारा आडवा असताना कच खात नाहीत, हे मी पक्षपात न करता सांगू शकतो. बरे, थोडा पक्षपात असेलही.

त्यामुळे मी नोकरी नाकारा असे म्हणणार नाही. हे पत्र जसे आहे तसे मात्र स्वीकारू नये. मुलाने लेखी विचारावे : १२ लाख भरायचे तर बाँड नको, बाँड हवा तर १२ लाख कंपनीचे, आणि मुदत तीन वर्षे. त्याचबरोबर ४० तासांची हमी मागावी. सर्व काही मिळणार नाही. माझ्या पाहण्यात बाँडची मुदत आणि घटती रक्कम यांवर कंपन्या नमते घेतात, हमी तासांवर सहसा घेत नाहीत. दरम्यान त्याच कंपनीतील दोन सहवैमानिकांना गाठून मागील सहा महिन्यांत वेतन कोणत्या तारखांना जमा झाले आणि किती तास भरले, एवढेच विचारावे. वैमानिक वेतनाचा आकडा सांगायला लाजतात, तारीख लगेच सांगतात. तारखा महिन्याच्या सात-आठच्या पुढे सरकत चाललेल्या दिसल्या, तर इतर अटी कितीही गोड असोत, मी सही करणार नाही. आणि दुहेरी अट कायम राहिली, तर १२ लाखांसाठी बाग तारण ठेवू नये. आज उत्पन्न देणारी एकच गोष्ट घरात आहे आणि ती बाग आहे.

शेवटी, घरच्यांनी काय करावे. प्रशिक्षणाचे सहा महिने आणि त्यानंतरचे तीन, असे नऊ हप्ते घरातून भरण्याची तयारी ठेवावी किंवा बँकेत आत्ताच जाऊन हप्ता काही काळ कमी करून घ्यावा. थकल्यावर गेलात तर तोच व्यवस्थापक वेगळे बोलतो. मुलाकडून महिन्याचे रोस्टर मागवून कॅलेंडरशेजारी लावावे. पहाटेची हजेरी असेल त्याच्या आदल्या दिवशी रात्री आठनंतर त्याला फोन करू नये, आणि हप्त्याचा विषय साप्ताहिक सुट्टीच्या पहिल्या दिवशी, त्याची झोप झाल्यावर काढावा. माझे वडील माधवनगरच्या एसटीडी बूथवरून दर शुक्रवारी नऊला फोन करत आणि ‘पगार झाला का’ एवढेच विचारत. शनिवारी पहाटे माझी पाळी असे, हे त्यांना मी कधी सांगितले नव्हते.